काका, तुम्ही हरलात त्याबद्दल आभार

काका,

पत्र मराठीत लिहितोय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. मुद्दामच. इंग्रजीत लिहिलं असतं तर दुसऱ्या ओळीलाच ‘बरं बरं, पुरे’ म्हणून तुम्ही कागदाची घडी घातली असती आणि थंडीचा विषय काढला असता. शिवाय इंग्रजीत मी तुम्हाला नुसतं नावाने हाक मारतो. चार वर्षं तुमच्या शेजारी राहून मारतोय आणि अजून जीभ अडखळते. माझ्या वडिलांपेक्षा तुम्ही दोनच वर्षांनी लहान. इथे निदान काका म्हणता येतं.

अण्णा ऑक्टोबरात गेले. शुक्रवारी पहाटे कराडहून फोन आला, शनिवारी शिकागोहून विमान मिळालं. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला मिळालं ते सावडणं आणि प्रीतिसंगमावर पाण्यात सोडायला एक मडकं. दिवस घालून परत विस्कॉन्सिनात मॅडिसनला आलो तर दारात तुम्ही पानं गोळा करत होता. माझ्या दारातली. मला बघून दाताळं भिंतीला टेकवलंत, हात पुसलात, खांद्यावर ठेवलात आणि काहीही न बोलता परत पानं ओढायला लागलात.

आता आमच्या लोकांचं सांगतो. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे सत्तेचाळीस मेसेज आले होते. मोजले मी. हात जोडलेले, फुलं वाहिलेले, एकाने तर चुकून केकचं चित्र टाकून मग काढलं. समाचाराला एकजण आला नाही. दहा मिनिटांवर राहतात. गणपतीच्या वर्गणीला मात्र घर बरोबर सापडतं. ‘तुला एकट्याला राहू द्यावं म्हटलं’ असं एकाने नंतर किराणा दुकानात भेटल्यावर सांगितलं, हातात मेथीच्या जुड्या घेऊन. गावाकडे असतं तर घरात पाय ठेवायला जागा नसती. चहा करून करून बायका वैतागल्या असत्या. त्या गर्दीचा मी लहानपणी कंटाळा करायचो. ती कशासाठी असते ते या नोव्हेंबरात कळलं.

आणि तुम्ही कुंपणावरून विचारलंत, ‘शनिवार-रविवार जंगलात येतोस का? बंदूक नको. नुसता बसायला ये.’

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, हे इथे येऊन राहिल्याशिवाय कळत नाही. त्या आठवड्यात ऑफिसं अर्धी रिकामी, पेट्रोल पंपावर सगळी नारिंगी जाकिटं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार म्हणजे थेट गुन्हा, त्यामुळे मी जरा बिचकलोच होतो. त्यात घरात सुतक नुकतंच संपलेलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘तू मारू नकोस म्हणजे झालं. माणसांत जा.’

मेरिल गावाच्या पुढे तुमची ती लाकडी खोली. तीन खाटा, एक शेगडी, भिंतीवर तुमच्या वडिलांची टोपी. मोबाईलला रेंज नाही. स्कोअर बघायचा तर गाडी काढून हायवेच्या चढावर जायचं. पहाटे पाचला तुम्ही उठवलंत. माझ्या अंगात तुमच्या मुलाचं नारिंगी जाकीट, बाह्या बोटांच्या खाली येणाऱ्या. शून्याखाली आठ. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवता येते, त्याच्याही आधी आपण त्या मचाणवजा पेटीत जाऊन बसलो होतो. तुम्ही हात गरम ठेवायच्या दोन पुड्या फोडल्यात, हलवल्यात, आणि दोन्ही माझ्या हातमोज्यांत कोंबल्यात.

दोन तास आपण एक शब्द बोललो नाही. एवढा वेळ गप्प मी अण्णा गेल्यापासून बसलोच नव्हतो. घरी गप्प बसलं की बायको घाबरते, ऑफिसात गप्प बसलं की मॅनेजर मीटिंग लावतो. तिथे गप्प बसणं हेच काम होतं. बर्फावर पडलेल्या पानांचा आवाज, एक खार, लांब कुणाचा तरी बार. मग तुम्ही पुढे बघतच कुजबुजलात, ‘तुझे वडील बोलके होते का?’

महिनाभरात अण्णांबद्दल मला विचारलेला तो पहिला प्रश्न. ‘वय काय होतं’, ‘कशाने गेले’ हे सगळ्यांनी विचारलं होतं. ते अण्णांबद्दलचे प्रश्न नव्हेत, ते आजाराबद्दलचे.

म्हटलं, नव्हते. एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपोला. घरात चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन जेवणाची. पण एक गोष्ट सांगायचे. चिपळूणची रात्रीची गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरत होते. पावसाळा. वळणावर दिव्यांच्या उजेडात सांबर उभं, मोठं, शिंगांवरून पाणी ओघळतंय. अण्णांनी गाडी थांबवली, हॉर्न वाजवला नाही. मागून लोक ओरडायला लागले, कंडक्टर पुढे आला, तर अण्णांनी इंजिनच बंद केलं आणि—

इथवर आलो आणि तुम्ही बोट वर केलंत.

डावीकडच्या बर्चच्या झाडांतून ती आली. मादी, करड्या रंगाची. एक पाऊल टाकायची, थांबायची, कान फिरवायची. नाकातून वाफ. चाळीस पावलांवर येऊन आडवी उभी राहिली. तुमच्याकडे मादीचा परवाना होता, बंदूक मांडीवर होती. मी श्वास धरला. तुम्ही बंदुकीला हात लावला नाहीत. तिने शेपटी उचलली, पांढरी बाजू एकदा चमकली आणि ती गेली. मग तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, ‘इंजिन बंद केलं. मग?’

नंतर खोलीवर तुमच्या पुतण्याने विचारलं तेव्हा तुम्ही सरळ सांगितलंत, ‘टप्प्यात नव्हती.’ काका, मी शिकारी नाही, पण ड्रायव्हरचा मुलगा आहे. अंतर कळतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र.

वाचणाऱ्यांना फँटसी फुटबॉल माहीत नसेल तर थोडक्यात: आयपीएलच्या दिवसांत लोक मोबाईलवर टीम लावतात ना, त्याचाच मोठा भाऊ, अमेरिकन फुटबॉलचा. हंगामाआधी आठ जणांनी बसून खरे खेळाडू आळीपाळीने वाटून घ्यायचे, एकाने घेतलेला दुसऱ्याला नाही. मग दर आठवड्याला एकेकाशी गाठ. तुमच्या खेळाडूंनी मैदानावर जे केलं त्याचे गुण तुमच्या खात्यात. 1962 साली ऑकलंड रेडर्स या फुटबॉल संघाच्या एका भागीदाराने न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून हे खूळ काढलं म्हणतात, आणि आज अर्धी अमेरिका रविवारी दुपारी त्यापायी फोन चाळत असते. मी आधी आपल्याच लोकांच्या एका लीगमध्ये होतो. मुलगी झाली त्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये असताना एकाने मला खेळाडूंच्या अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवला, मी झोपेत ‘ओके’ दाबलं, आणि त्याने माझा सगळ्यात भारी खेळाडू एका जायबंदी माणसाच्या बदल्यात नेला. वर्षभर हसले त्यावर. ‘गेम आहे यार.’ मग तुमच्या लीगमधली एक जागा रिकामी झाली आणि तुम्ही मला घेतलंत.

यंदा सहाव्या आठवड्यात आपली गाठ होती. तोच आठवडा. शुक्रवारी फोन आला, रविवारी मी कराडात. टीमकडे बघायचं कुणाला सुचतंय? माझा मुख्य खेळाडू जस्टिन जेफरसन (ग्रीन बेच्या भक्तांमध्ये राहून मिनेसोटाचा माणूस घेतला म्हणून तुम्ही माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतात) आणि त्याच्या संघाला, व्हायकिंग्सना, त्या आठवड्यात सुट्टी. म्हणजे त्या जागी शून्य. तुम्हाला हात न हलवता जिंकता आलं असतं. परत येऊन पाहिलं तर मी चार गुणांनी जिंकलेलो. जेफरसन बाकावर, त्याच्या जागी दुसराच कुणी, बरे गुण घेतलेला. मी तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, ‘ॲप करतं हल्ली आपोआप.’

मी विश्वास ठेवला. आयटीत पंधरा वर्षं काढून मी हे खरं मानलं, यावर माझी बायको अजून हसते.

शनिवारी रात्री पत्ते चालले होते. ते तुमचं शीप्सहेड, ज्याचे नियम मला तिसऱ्यांदा सांगूनही कळले नाहीत. तुम्ही लाकडं आणायला बाहेर गेलात आणि पुतण्या पत्ते पिसता पिसता म्हणाला, ‘काका यंदा पाचवे आहेत. वरचे चार प्लेऑफला जातात. तुझी ती मॅच जिंकले असते तर आत असते.’ मग थांबला. मग म्हणाला, लीग तो चालवतो, दुसऱ्याची टीम बदलायचा अधिकार फक्त त्याला. त्या रविवारी सकाळी अकराला तुमचा फोन आला होता. ‘पोराचे वडील गेलेत. त्याच्या टीममध्ये भोक आहे. बुजव.’ पुतण्याने आठवण करून दिली की समोर तुम्हीच आहात. तुम्ही म्हणालात, ‘माहितीय. बाकावरचा चांगल्यातला चांगला घाल, उगाच कसला तरी नको.’

तेवढ्यात दार उघडलं, तुम्ही लाकडं टाकलीत, आणि डाव कुणाचा म्हणून विचारलंत. मी चूल बघायच्या निमित्ताने पाठ वळवली. धूर होता म्हणा.

काका, तिकिटाचे पैसे हवेत का म्हणून मला दोघांनी विचारलं होतं, तेही चांगलंच. ऑफिसने पुष्पगुच्छ पाठवला. पण मी पृथ्वीच्या पलीकडे मडकं घेऊन पाण्यात उभा असताना, कुणाच्याही नजरेला न येणाऱ्या एका खेळातलं माझं भोक कुणीतरी बुजवत होतं आणि त्यात स्वतः हरत होतं, हे आठवलं की मला अजून नीट बोलता येत नाही. सभ्य माणसं जगात बरीच असावीत. ती सांगत नाहीत म्हणून मोजता येत नाहीत, एवढंच.

रविवारी दुपारी पुतण्याला हरीण मिळालं, ओढायला मी हात लावला. डोकं हरणांना झिजवून मारणाऱ्या त्या रोगाच्या (सीडब्ल्यूडी) तपासणीला दिलंत, 2002 पासून तुमच्याकडे त्याची धास्ती आहे म्हणालात, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत मटणाला हात लावू नका अशी बायकोसाठी चिठ्ठी दिलीत. मी संध्याकाळी घरी आलो. तुम्ही हंगाम संपेपर्यंत तिथेच.

आज बुधवार. तेराव्या आठवड्याला आपली परत गाठ आहे. जिंकलात तर तुम्हाला अजून संधी आहे. आत्ता जेवण झाल्यावर फोन उघडला तर तुमच्या एका खेळाडूच्या नावापुढे लाल अक्षर आलंय, दुखापत, उद्या खेळणार नाही. तुम्ही जंगलात, तिथे रेंज नाही. पुतण्याला मेसेज टाकलाय, बाकावरचा चांगल्यातला चांगला घाल म्हणून. विचारलंत तर ॲप करतं हल्ली आपोआप, असं आम्ही दोघांनी सांगायचं ठरवलंय.

तुमचा,
कुंपणापलीकडचा