अॅडमिन ताई, तो मेसेज डिलीट केलात म्हणून थँक्यू

ताई, परवा तुम्ही आपल्या टाईप वन डायबेटिसवाल्या पोरांच्या आईबाबांच्या ग्रुपवर टाकलंत की एक तारखेपासून अॅडमिनचं काम सोडतेय, खाली सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, मीपण टाकला, पण तेवढ्यानं माझं काही भागेना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेकीला टाईप वन निघाली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी दिसेल तो फॉरवर्ड वाचत सुटलेले. ग्रुपमध्ये येऊन आठवडापण झाला नसेल, मी तो जांभळाच्या बियांच्या चूर्णाचा मेसेज टाकला, ‘२१ दिवसांत इन्सुलिन बंद’ वाला. दोन मिनिटांत गायब! आणि लगेच तुमचा फोन. ओरडला नाहीत, एवढंच विचारलंत, "पोरीचं इन्सुलिन चालू आहे ना गं?" मग सांगितलंत की टाईप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, ते बाहेरून दिलं नाही तर रक्तात किटोन नावाची आम्लं वाढतात आणि थोड्याच दिवसांत पोर आयसीयूत जातं. मला असला राग आला की ग्रुपच सोडला. आठ दिवसांनी खाली मान घालून परत आले तर तुम्ही गुपचूप लिंक पाठवलीत. आज सांगते, चूर्णाचा डबा घरात आलेला होता. उघडला नाही तो तुमच्या त्या फोनमुळं.

तुमचे नियम आधी जाचायचे. डोस कुणी कुणाला सांगायचा नाही, रिपोर्टवरचं नाव खोडायचं, पोरांचे फोटो नाहीत, गुड मॉर्निंग नाही, इलेक्शनच्या दिवसांत तर तुम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचात. एक ग्लुकोमीटरवाला डिस्ट्रिब्युटर शुगर तपासायच्या स्ट्रिप्स फुकट देतो, ग्रुपमध्ये घ्या म्हणत होता, तुम्ही म्हणालात आज स्ट्रिप्स देईल, उद्या सगळ्यांचे नंबर घेऊन जाईल. (हे मला अजून अर्धंच पटलंय, महिन्याला स्ट्रिप्सचा खर्च बघितला की जास्तच.)

व्हॉट्सअॅप ग्रुपची लिमिट २५६ जणांची होती तेव्हाचे आपले तीन ग्रुप. २०२२ मध्ये ती १०२४ झाली तेव्हा सगळे म्हणाले एकच करून टाका, मीपण म्हणाले. तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणालात हजार लोकांत रात्री दोनचा मेसेज दुसरा कुणीतरी बघेल म्हणून प्रत्येकजण झोपून राहील. आणि रात्रपाळी लावलीत, ग्रुपमागं दोघं, आठवड्याला बदली. लेकीची शुगर रात्री उतरून ४८ वर आली, अंग घामानं थबथबलेलं, माझे हात एवढे कापत होते की साखरेचा चमचा पाण्याऐवजी ओट्यावरच सांडला, तेव्हा पाळीवर नाशिकचे एक बाबा होते. "जागी आहे ना? गिळतेय ना? मग तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत चेक करा, मी आहे इथं." ७९ येईपर्यंत तो माणूस ऑनलाईन होता.

आपल्यातलं ते लेकरू गेलं त्या संध्याकाळी तुम्ही ग्रुप बंद केलात, फक्त अॅडमिन लिहू शकतील असा. मला तेव्हा ते कठोर वाटलं. पण नाहीतर कुणीतरी विचारलंच असतं, शुगर किती होती, इंजेक्शन चुकलं का, आणि त्याची आई ते वाचत बसली असती. तुम्ही मात्र तिला रोज फोन करत होतात, हे मला तिच्याकडूनच कळलं, वर्षभरानं.

आता सहा जण मिळून बघणार म्हणे, दोन-दोन महिने. बरं झालं. तुम्ही दहा वर्षं फोन उशाशी घेऊन झोपलात, काकांनी कसं चालवून घेतलं देव जाणे.

आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होती तेव्हा तुम्ही कोल्हापूरहून दुधाच्या गाडीनं कराडला इन्सुलिनच्या दोन व्हायल पाठवलेल्या, थर्मासमध्ये, बर्फ थेट लागून गोठू नये म्हणून नॅपकिनात गुंडाळून. थर्मास अजून माझ्याकडंच आहे, नॅपकिनपण. दिवाळीच्या आत आणून देते, घरी असाल ना?