लोणी ‘चोरणाऱ्या’ शेजारणी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील आयर्लंडच्या लोकसमजुतींवरील लेखात लोणी घुसळण्याचे विधिनिषेध निव्वळ गंमत म्हणून सांगितले आहेत. त्यांच्यामागे असलेला जमिनीच्या खंडाचा (भाड्याचा) धाक लेखात कुठेच आलेला नाही, म्हणून हे पत्र.

घुसळण चालू असताना घरात आलेल्याने कामाला देवाचा आशीर्वाद चिंतून उभ्या लाकडी पिंपातला दांडा चार वेळा तरी खालीवर करायचा, नाहीतर त्याने घरातले लोणी नेले, असा समज होता. तेवढ्या वेळात चुलीतला विस्तव कोणाला देत नसत. पेटती चिलीम घेऊन निघालेल्यालाही दारात अडवीत. पिंपाखाली नाल ठेवीत, भोवती रोवन झाडाची डहाळी बांधीत. सर्वांत मोठी भीती १ मेच्या पहाटेची, कारण त्या वेळी एखादी शेजारीण दुसऱ्याच्या कुरणातल्या दवावरून फडके ओढत ‘सारे माझ्याकडे ये’ असे पुटपुटली, की वर्षभराचे लोणी तिच्याकडे गेले असे मानीत.

ही तारीख उगाच आलेली नाही. मे महिन्यात गुरे उन्हाळी कुरणांवर जात आणि दुधाचा हंगाम सुरू होई. लहान शेतकरी बहुधा कुळेच होती, आणि त्यांतल्या अनेकांचा खंड लोण्याच्या पैशातून भागे. मन्स्टर प्रांतातले लोणी १७७० पासून कॉर्कच्या बाजारात प्रतवारी होऊन जहाजाने परदेशी जात असे. साय जास्त गार किंवा जास्त कोमट असली, की कितीही घुसळले तरी लोणी नीट जमत नाही, हे आज कोणीही सांगेल. पण थर्मामीटर नसलेल्या घरात त्याचे खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटणारच होते.

ते बहुधा एकट्या, गरीब म्हातारीवर फुटे. ससा होऊन गाईचे दूध पिणाऱ्या बायकांचा उल्लेख बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकानेही केला आहे. शिवाय विस्तव किंवा दूध मागायला शेजारी जाण्याची पाळी येई ती ज्याच्या घरी ते नसे त्याच्यावरच, म्हणजे गरजूच आपोआप संशयित ठरत. (हा भाग मला सशाच्या कथेपेक्षा अधिक भयंकर वाटतो.)

लिमरिक परगण्यात १८८९ मध्ये पहिली सहकारी डेअरी निघाली आणि पुढे घरची घुसळण हळूहळू मागे पडली. तरीही १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घेतलेल्या आठवणींत लोणीचोरीच्या कथा भरपूर सापडतात. हा संग्रह डब्लिनच्या विद्यापीठात असून इंटरनेटवर खुला आहे. लेखमालेच्या पुढील भागात त्यातील एखादी नोंद मुळातून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक