खडाखडी आणि तुझी कुस्ती

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. माझी स्वतःची अशी कुस्ती कधी होणार, आणि समोरची पोरगी पटात घुसते, म्हणजे खाली येऊन पाय धरते, ते मला कायम उशिराच का कळतं. तुला हे दोन निराळे प्रश्न वाटतात. मला ते एकाच गाठीचे दोन पदर वाटतात. फोनवर हे सांगताना मधेच रेंज जाते, म्हणून लिहितोय.

आधी दुसरा घेऊ. डोळ्यानं बघून अंग हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, आणि तोही काय येणार हे आधी ठाऊक असेल तर. चार-पाच डावांपैकी कुठलाही येऊ शकतो अशी स्थिती असली की वेळ वाढतो. हिक नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1952 साली हे मोजून मांडलं. तुझ्या अभ्यासाच्या पुस्तकात असेल, बघ. तेवढ्या वेळात तयारीच्या पोरीचे हात तुझ्या गुडघ्यामागं बांधलेले असतात. पट दिसला की पाय मागं घेऊ, हा हिशेबच तोट्याचा आहे. तुझा पाय मंद आहे असं तू म्हणतेस, ते मला पटत नाही. तू बघायला सुरुवातच उशिरा करतेस.

जाणता पैलवान डावाच्या आधीचं बघतो. पट काढणाऱ्याला आधी खाली यावं लागतं, म्हणजे कंबर बसते. पुढचा पाय हलका होतो, कारण जोर मागच्या पायानं लावायचा असतो. तुझ्या मानेवरचा हात उगाच ढकलतो नाहीतर ओढतो, आणि मग सुटतो. तो सुटला की समज, निघाली ती. नजर छातीवर, गळ्याच्या हाडाच्या आसपास ठेव. तिथून खांदे, कंबर, गुडघे सगळे एकदम नजरेत राहतात. डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्या पोरी भारी दिसतात, पण डोळे हूल देतात. कंबरेला हूल देणं फार अवघड.

आणि हाताला कळतं ते डोळ्याच्या आधी कळतं. स्पर्शावर अंग नजरेपेक्षा थोडं लवकर हलतं, हेही मोजलेलं आहे. खडाखडीला, म्हणजे डाव टाकण्याआधीच्या हाताच्या झटापटीला, गावातली माणसं वेळकाढूपणा म्हणतात, ‘लावा की आता’ म्हणून ओरडतात. ओरडू देत. मनगट धरणं, मानेवर हात टाकणं, कोपरानं रेटून बघणं, हे समोरचीचं वजन कुठं आहे ते विचारणं आहे. फक्त मातीत विचारायला वेळ मिळतो, मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या. नुसती हातघाई करत राहिलीस तर पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांत गुण घे नाहीतर समोरचीला एक. म्हणून तुझी खडाखडी आखूड आणि नेमकी हवी. जोडीदारणीला सांग, रोज थोडा वेळ डोळे मिटून नुसती हाताची झोंबी करू. पट काढायचा नाही, फक्त तिचं वजन कुठल्या पायावर गेलं ते तोंडानं बोलायचं. पहिल्यांदा हसतील तुला.

आता पहिला प्रश्न. समोरून येणाऱ्या डावांची संख्याच कमी केली तर ओळखायला वेळ कमी लागतो. ही संख्या तुझ्या उभं राहण्यावर ठरते. उजवा पाय पुढं, कोपर बरगडीला चिकटलेलं, डोकं तिच्या डोक्याच्या आत, एवढं पक्कं केलंस की तिच्या बऱ्याच वाटा बंद होतात. उरतो तुझ्या पुढच्या पायाचा एकेरी पट. तो उघडा ठेव. मुद्दाम ठेव. आपण पाटाचं एकच दारं मोडतो आणि पाणी त्याच वाफ्यात जातं, तसं तिला तिथंच यायला लाव. ती आली की दोन्ही पाय मागं फेकून छातीचा भार तिच्या खांद्यांवर टाक आणि फिरून पाठ धर. दोन गुण तुझे. कुठली वाट बंद ठेवायची, कुठली उघडी आणि उघड्या वाटेवर काय वाढून ठेवायचं, हे ज्या दिवशी तुझ्या अंगानं ठरवलं त्या दिवशी तुझी कुस्ती झाली.

‘तुझ्या अंगानं’ हे मुद्दाम लिहिलंय. अंतिम पंघालचे व्हिडिओ तू बघतेस, जरूर बघ. तुझ्याच 53 किलोत लढून 2022 साली ती वीस वर्षांखालची जगज्जेती झाली, भारताची पहिलीच मुलगी. पण तुझे हात-पाय तुझ्या वजनाच्या मानानं लांब आहेत. तुला मान धरून कंबरेवरून फेकायची ढाक, नाहीतर लांबून पाय अडकवून पाडायची टांग जास्त जवळची. खाशाबा जाधव ढाकेसाठी ओळखले जायचे, आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्य घेऊन येणारा तो गडी अंगानं लहानखुराच होता. आकाराचा धडा आपला आपणच काढायचा असतो.

आपल्याकडचंच बघ ना. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, पाटोद्याचा राहुल आवारे त्यांचा चेला. बिराजदारमामा वारल्यावर राहुल काका पवारांकडं शिकला, तेही लातूरकडचेच. काकांची कुस्ती ग्रीको-रोमन, म्हणजे कंबरेखाली हात लावायचाच नाही. राहुल फ्रीस्टाइलचा, जिथं पायावरच निम्मी लढाई. तरी 2018 ला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि 2019 ला जागतिक स्पर्धेचं कांस्य. वस्ताद स्वतःचे डाव चेल्यात जसेच्या तसे ओतत असते तर हे झालं नसतं.

पण म्हणून वस्तादांचं सोडून आपलं काही काढायला जाऊ नकोस. तुझ्या वयात ते नवं नसतं, अर्धवट असतं. एक डाव, तो अडला तर त्याला जोडून दुसरा, आणि तुझ्यावर नेहमी बसणाऱ्या डावाची तोड, एवढ्यावर हे वर्ष काढ. ‘मला पंचवीस डाव येतात’ म्हणणारी पोरं मी जत्रेत नारळाच्या कुस्तीत पडताना बघितलीत.

माळेगावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला एकदा ये. तिथं जोड ऐनवेळी लागते, समोरचा कोण, कुठला, काही ठाऊक नसतं. म्हातारे पैलवान कडेला बसून नुसतं बघत असतात: कुणाचा कुठला खांदा उतरलाय, माती घ्यायला वाकताना कुठला गुडघा जपतो, शड्डू ठोकताना कुठला पाय पुढं येतो. सलामीच्या आधीच निम्मी कुस्ती वाचून होते त्यांची. हरतो कोण हेही सांगतात, आणि चुकले की पंचांना शिव्या देतात.

जिंकलेल्या कुस्त्यांचे व्हिडिओ पाठवतेस, आई गल्लीभर दाखवत फिरते. मला हरलेल्या पाठव. गुण गेले ते कुठल्या बाजूनं गेले एवढं वहीत लिहून ठेव. मला वाटतं डाव्या बाजूनं जातात, पण वही काय म्हणते ते कळव. तुपाचा डबा शनिवारच्या गाडीनं येतोय, खोलीत वाटून टाकू नकोस सगळा. वस्तादांना माझा नमस्कार सांग.

तुझे,
अप्पा