जोगलटेंभीच्या नाण्यांवरचे दोन राजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात अलीकडेच नहपान या शक राजाच्या नाण्यावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा मारलेले चांदीचे नाणे पाहण्यात आले. खालच्या चिठ्ठीवर मात्र ‘सातवाहन, चांदी’ एवढाच मजकूर होता. अशा नाण्याचे महत्त्व त्यावर दोन राजे एकाखाली एक दिसतात यातच असल्याने ही नोंद अपुरी आहे, असे मला वाटते.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांपैकी सुमारे ९,२७० नाणी गौतमीपुत्राने पुन्हा छापलेली निघाली. पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीचा शिलालेख तिच्या पुत्राने क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचे घराणे, निःशेष केल्याचे सांगतो. पण तो आईने केलेला गौरव आहे, त्यात थोडी अतिशयोक्ती गृहीत धरायलाच हवी. नाण्यांचा पुरावा तसा नाही. कोणता ठसा आधीचा आणि कोणता नंतरचा, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते.

सुमारे दोन ग्रॅमचे हे नाणे तिरप्या उजेडात सावकाश फिरवावे. गौतमीपुत्राच्या ठशातला तीन कमानींचा चैत्य (कमानींची टेकडीसारखी रास) आणि त्याखालची नागमोडी रेघ चटकन दिसते. त्यानंतर चैत्याच्या कडेला नहपानाचे नाक किंवा केसांच्या बटा, काठाशी मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांचे अवशेष आणि दुसऱ्या बाजूला गौतमीपुत्राच्या उज्जैन चिन्हाखाली (अधिक-चिन्हाच्या चार टोकांना वर्तुळे) नहपानाच्या नाण्यावरच्या बाणाचा दांडा सापडतो. नव्या ठशाच्या रेघा जुन्या चित्राला छेदून जातात, ही खरी खूण. तेच चित्र किंचित सरकून दोनदा उमटले असेल तर तो टांकसाळीतला दोष होय. काही विक्रेते मात्र दोन्ही प्रकार ‘डबल छाप’ म्हणून एकाच भावाने विकतात.

हे खालचे अवशेष अतिशय उथळ असतात. नाणे चकाकावे म्हणून ते चिंचेने किंवा रांगोळीने घासणारे हौशी संग्राहक नहपानालाच पुसून टाकतात. घासण्याऐवजी वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि दोन्ही राजांची नावे नोंदवावीत. खालचा लेख वाचता येत नसेल तर जेवढी अक्षरे दिसतात तेवढीच लिहावीत, अंदाजाने पूर्ण करू नयेत.

साठ्यातली हजारो नाणी एकत्र मोजली गेली, म्हणूनच नहपानाची किती नाणी पुन्हा छापली गेली याचे प्रमाण आज सांगता येते. हाच साठा सराफाकडे मूठमूठभर विकला गेला असता तर उरलेल्या नाण्यांवरून तसे काहीच म्हणता आले नसते. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नाणे-प्रदर्शनांच्या आयोजकांनी ही तरतूद प्रवेशद्वाराशीच ठळकपणे लावावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक नाणेसंग्राहक, नाशिक