गलबतावरची माणसं

नाशिक

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गलबताच्या मॉडेलचे फोटो पाहिले. दोन्ही डोलकाठ्या सरळ बसल्यात. आता माणसं. रंगाची घाई नको, आधी माप बघ. मॉडेल १:७२ चं, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, म्हणजे साडेपाच फुटी खलाशी २३ मिलिमीटरचा हवा. रेल्वे मॉडेलची १:८७ ची माणसं १९ मिलिमीटरची असतात. तुझ्या डेकवर ती साडेचार फुटी पोरं दिसतील. टेबलावरच्या युद्धखेळातले २८ मिलिमीटरचे पुतळे घेतलेस तर साडेसहा फुटी राक्षस, वर डोकी आणि हात मुद्दाम मोठे केलेले. मोजताना पायाखालची चकती आणि टोपी धरू नकोस.

१:७२ चे मऊ प्लास्टिकचे युरोपीय सैनिक घे आणि त्यांचेच खलाशी कर. या प्लास्टिकला कानस लावली की तंतू सुटतात, म्हणून नव्या पात्यानेच तास. टोपी, बूट, कोटाचा घेर काढून टाक. वल्हेकरी बसवायचा तर कमरेशी पुढून आणि गुडघ्याशी मागून पाचरीसारखा तुकडा काढ, वाकव, आणि सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार घाल. नुसत्या फेविक्विकवर हे प्लास्टिक टिकत नाही. फट एम-सीलने भर. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळ, नाहीतर ते मऊच राहतं.

पागोट्याला एम-सीलचीच बारीक वळी, दोन वेढे पुरेत. धोतराला टिश्यू पेपर, फेविकॉलमध्ये तितकंच पाणी घालून भिजवलेला. काष्टा मागे नेमका कुठे खोचतात ते दिवाळीत आलीस की रामकुंडावर नीट बघून घे. पुतळ्याची पाठच जास्त दिसणार आहे.

रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धू, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग प्रायमरचा पातळ हात. अंगाला तपकिरी, तयार ‘स्किन कलर’ नकोच. धोतर शुद्ध पांढरं केलंस तर खडूसारखं दिसेल, थोडा यलो ऑकर आणि राखाडी मिसळ. चेहरा जेमतेम तीन मिलिमीटरचा, त्यावर डोळ्यांचं पांढरं काढलं की माणूस घाबरलेला दिसतो. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, खूप पातळ करून डोळ्यांच्या खोबणीत सोड, तेवढ्याने डोळे होतात. वार्निश मॅटच, पण पावसाळ्यात स्प्रे मारू नकोस, हवेतल्या ओलीने पांढरी साय धरते. ब्रशने लाव आणि बाटली आधी भरपूर हलव.

खरी मेख हातांत आहे. सात सेंटिमीटर जाडीचं वल्हं १:७२ मध्ये एक मिलिमीटरचं होतं, आणि ते मिटलेल्या मुठीत जात नाही. मूठ आतून कोरून इंग्रजी सी अक्षरासारखी कर, वल्ह्यावर बसव, बोटं एम-सीलने मिटव. हे सगळं रंगाआधी, वल्हं जागेवर ठेवून. बसून वल्हं ओढणाऱ्याची पाठ नाळेकडे, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाकडे असते, तोंड सुकाणूकडे. फक्त सुकाणूपाशी उभा तांडेल पुढे बघतो. खऱ्या गलबताला ४०-५० वल्ही असत. तू दहा माणसं केलीस तरी चालेल, पण ती सलग बसव, आणि रिकाम्या जागेची वल्ही आत ओढलेली दाखव.

ओढणाऱ्या सगळ्या वल्ह्यांचा कोन एकच हवा. एखादं वर राहिलं तर त्या माणसाचं मनगट फिरव, वल्ह्याला हात लावू नकोस.

तुझी आई