पहिला सिंथेसायझर घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑर्केस्ट्रात वाजणाऱ्या प्रत्येक कीबोर्डला आपल्याकडे सरसकट ‘सिंथ’ म्हणतात आणि पहिल्या खरेदीतली फसगत तिथूनच सुरू होते. तयार ताल, तयार आवाज आणि आतच स्पीकर असलेला तो अरेंजर. सिंथेसायझरमध्ये आवाज आपणच घडवायचा. ऑसिलेटरकडून कच्चा स्वर घ्यायचा, फिल्टरने तो कापायचा, त्याने किती झटकन उठायचं आणि किती सावकाश विरायचं ते एनव्हलपने ठरवायचं. बहुतेक सिंथना स्पीकर नसतो, तालाचे ठेकेही नसतात. लग्नात गाणी वाजवायची असतील तर अरेंजरच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

घरच्या स्टुडिओसाठी मात्र दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको, ‘व्हॉइस किती?’, म्हणजे एका वेळी किती स्वर वाजतात, हा हवा. कॉर्ग कंपनीचा मोनोलॉग हा सिंथ एका वेळी एकच स्वर वाजवतो. बेस आणि लीडला (मुख्य सुरावटीला) तो उत्तम, पण कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर, वाजणार नाही. मिनिलॉग (२०१६) चार स्वरांचा आहे. चार पुष्कळ वाटतात, पण तीन बोटांची कॉर्ड सोडून दुसरी धरली की आधीचे विरत जाणारे स्वरही व्हॉइस अडवून बसतात आणि शेपट्या मधेच तुटतात. एनव्हलपचा रिलीज, म्हणजे विरण्याचा वेळ, कमी केला की हे थांबतं. सा-प-सा धरून ठेवले तर सुरावटीला एकच व्हॉइस उरतो, तोही त्याच आवाजातला. म्हणून असा सतत धरलेला ड्रोन आधी वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवावा. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीकवरही (२०१९) चार स्वर वाजतात, पण फिल्टर चौघांत मिळून एकच. शिवाय त्याच्या पट्ट्या दबत नाहीत, सपाट स्पर्शपट्ट्या आहेत. पेटीवर हात बसलेल्याने आधी वाजवून पाहावं, मगच पैसे मोजावेत.

पेटीवरून आठवलं. शुद्ध गंधार पियानोच्या ट्यूनिंगपेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो, धैवत १६ आणि निषाद १२. मोनोलॉग आणि मिनिलॉग एक्सडी (मिनिलॉगचाच पुढचा अवतार) या दोन्हींत प्रत्येक स्वर असा सेंटने हलवून स्वतःचं सप्तक साठवता येतं. मराठी घरातल्या पहिल्या सिंथसाठी ही सोय मला दहा इफेक्टपेक्षा मोलाची वाटते. फक्त सप्तक पांढरी एकला लावलं असेल आणि गाणारा काळी चार मागत असेल, तर सगळा तक्ता त्या ‘सा’वर सरकवावा लागतो. नाहीतर गंधार भलत्याच पट्टीवर उतरतो.

खरी डोकेदुखी यूएसबीची वायर कॉम्प्युटरला लावल्यावर सुरू होते. पट्टी दाबली की सिंथ स्वतः वाजतो. तोच स्वर कॉम्प्युटरकडे जातो आणि रेकॉर्डिंगसाठी उघडलेल्या ट्रॅकमधून परत सिंथकडे येऊन दुसऱ्यांदा वाजतो. आवाज नाकातून आल्यासारखा पातळ होतो आणि एकेका पट्टीमागे दोन व्हॉइस खर्च होऊन चारचे दोन उरतात. लोक सिंथ नादुरुस्त समजून दुकानात घेऊन जातात. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: सिंथच्या ग्लोबल सेटिंगमध्ये ‘लोकल’ ऑफ करायचं. कॉम्प्युटरशिवाय वाजवताना ते आठवणीने ऑन करावं, नाहीतर पट्ट्या मुक्या वाटतात.

लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घूंऽऽ असा आवाज आला, माउस हलवला की त्यात किरकिर मिसळली, तर चार्जर काढून पाहा. आवाज गेला तर सिंथ निर्दोष आहे. यूएसबी आणि ऑडिओ केबल मिळून अर्थिंगचा फेरा तयार झालेला असतो. अशा वेळी यूएसबी सोडून पाच पिनांच्या मिडी केबलने (कोणता स्वर दाबला हा संदेश नेणाऱ्या वायरने) जोडावं. मिडी इनपुटवर संदेश प्रकाशाच्या मार्फत पुढे जातो, विजेचा थेट सांधा नसतो, त्यामुळे फेरा तुटतो. म्हणून ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) घेतानाच मिडी सॉकेट आहे ना ते पाहावं. दोन इनपुटच्या स्वस्त इंटरफेसला बहुधा नसतं. सिंथची वायर ‘लाइन’ इनपुटला लावावी, गिटारसाठीच्या ‘इन्स्ट’ला नाही. आवाजाचा माथा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवला की पुरे.

ॲडॅप्टरकडे कुणी बघत नाही. कॉर्गच्या व्होल्का या छोट्या सिंथच्या मालिकेबरोबर तो येतच नाही, सहा पेन्सिल सेलवर ती चालते. मग घरातला गिटार पेडलचा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावायचा मोह होतो. व्होल्ट तेच, पण पेडलच्या पिनेत मध्यभागी ऋण असतं आणि व्होल्काला तिथे धन हवं. पिनेजवळचं वर्तुळाचं चिन्ह वाचल्याशिवाय काहीही खोचू नये. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सिंथ मागवणाऱ्यांनी ॲडॅप्टरवर ‘१००-२४०’ छापलंय का ते आधी फोटोत मागून बघावं. नुसतं १२० लिहिलेला आपल्या २३० व्होल्टवर जळतो.

जुन्या मालाच्या मोहाबद्दल थोडं. रोलंडचा जुनो-१०६ (१९८४) सुरेखच आहे, पण त्यातल्या व्हॉइस चिपवरचं राळेचं आवरण वयोमानाने खराब होतं आणि चिप बिघडते. तपासणी सोपी आहे. पॉली-१ मोडमध्ये एकच पट्टी लागोपाठ सहा वेळा दाबायची. सहा व्हॉइस आळीपाळीने वाजतात, त्यामुळे एखादी खेप मुकी गेली किंवा तडतडली, तर तो व्हॉइस गेला. कोणताही जुना ॲनालॉग सिंथ दहा-पंधरा मिनिटं तापू द्यावा, मग सूर तपासावा. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. खरखर आली तर वीज बंद करून तोच नॉब वीसेक वेळा फिरवावा. किनारपट्टीच्या दमट हवेत नॉबच्या आतल्या संपर्कावर गंज धरतो तो बऱ्याचदा एवढ्याने निघतो. तरी खरखर राहिली, तर नॉब बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, ठाणे