चढावर नेम वर नको, खाली हवा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातल्या एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीवरचा लेख वाचला. वर्णन झकास आहे. पण उभ्या चढावर गोळी लवकर खाली पडते म्हणून नेम थोडा वर धरावा, असं जे त्यात म्हटलंय ते साफ उलटं आहे. माझी नोकरी पायदळात झाली, त्यातली बरीचशी काश्मीरच्या डोंगरात, म्हणून लिहितो. आपल्या घाटातल्या माणसाला चढ म्हटलं की दम आठवतो. गोळीला दम लागत नाही.

सपाटीवर झिरो केलेल्या, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी जुळवलेल्या, रायफलीची नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. गोळी वाटेत किती खाली येणार, ते त्यात आधीच धरलेलं असतं. हे खाली येणं मोजायचं ते आडव्या अंतरावर, तिरक्या अंतरावर नव्हे. ३० अंशांच्या चढावर ४०० मीटरवर जनावर उभं असेल, तर आडवं अंतर भरतं ३४६ मीटर. ४५ अंशांत तेच २८३. आता २०० मीटरवर झिरो केलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीनं नेम ४०० चा धरलात, तर ३० अंशांतच गोळी साधारण वीतभर वर लागेल. पटत नसेल तर नळी सरळ आभाळाकडे धरल्याची कल्पना करा. तेव्हा गुरुत्वाकर्षण गोळीचा वेग कमी करेल, पण तिला बाजूला वाकवणार कसं? उतारावर खाली मारतानाही हाच हिशेब, तिथंही गोळी वरच जाते.

दुसरी गोष्ट लेखात आलेलीच नाही, आणि जनावर तडफडत राहणार की जागेवर पडणार ते तिच्यावर ठरतं. खालून मारलेली गोळी अंगातही तिरकीच चढते. छाती ४० सेंटिमीटर रुंद धरली, तर ३० अंशांत ती आरपार जाईपर्यंत २३ सेंटिमीटर वर सरकते. सपाटीवरच्या सवयीनं छातीच्या मधोमध मारलं, तर पलीकडे ती पाठीच्या कण्याजवळ निघते आणि काळीज राहतं खाली. म्हणून अलीकडच्या बाजूला नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या भागात हवा. वरून मारताना याच्या उलट.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, ते योग्यच आहे. पण पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळू शकते आणि पाटण-जावळीकडच्या शिवारात तो प्रश्न रोजचा आहे. इथं कुणी ४०० मीटरवरून मारत नाही. बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक, अंतर फार तर ४०-५० मीटर. तेवढ्यात चढाचा हिशेब नगण्य. खरा धोका जनावराच्या मागं असतो. डुक्कर बांधावर चढलं, मागं नुसतं आभाळ दिसतंय आणि खालून बार काढला, तर चुकलेली गोळी जाणार कुठं? आमच्याकडे वर सड्यावर धनगरवाडे आहेत, रात्री राखणीला बसलेली माणसं आहेत. छर्रे लवकर पडतात, अखंड गोळी बरीच लांब जाते, आणि रायफलची तर तीन-चार किलोमीटरही जाऊ शकते.

शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून खाली बार काढला तर चुकलेली गोळी मातीत जाते. तेव्हा परवानगीच्या कागदावर वनखात्यानं एवढी एक अट घालावी, की जनावराच्या मागं माती दिसत असेल तरच बार काढायचा. डोंगरमाथ्यावरच्या जनावरावर खालून बार नाही, मग पीक कितीही गेलेलं असो. पिकाची भरपाई मागता येते, मिळायला वेळ लागतो ही गोष्ट वेगळी.

आपला,
एक माजी सैनिक,
ता. पाटण, जि. सातारा